डॉक्टर हू बघताना कंटिन्युइटी कशी पकडायची आणि पडद्यामागचे किस्से कसे पारखायचे

डॉक्टर हू ही बीबीसीची सिरीज, काळात फिरणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या परग्रहवासीयाची, ज्याचा चेहरा आणि नट बदलत राहतो. टेनंट नाहीतर मॅट स्मिथ डॉक्टर असताना ती बघायला लागलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी हे प्रश्न पडायला लागतात, की हा चेहरा आधी कुठे पाहिलाय, हे मागच्या वेळी वेगळं सांगितलं होतं ना, आणि त्या जुन्या डॉक्टरचा आत्ता जो उल्लेख झाला तो नक्की कशाचा. मग माणूस जुन्या एपिसोडकडे वळतो आणि समोर साठ वर्षांचा ढीग. २३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर पहिला एपिसोड, १९८९ ला सिरीज थांबली, १९९६ ला एक टीव्ही फिल्म आली आणि २००५ ला कार्डिफमधून परत सुरुवात. एवढं सगळं ओळीने बघून मग कंटिन्युइटी, म्हणजे एका एपिसोडमधलं दुसऱ्याशी जुळतं का ते, बघायची म्हटलं तर वर्षं जातील, आणि तशी गरजही नाही. पद्धत हवी.

पद्धतीतली मुख्य गोष्ट आधीच सांगते. काही जुळत नाहीये असं दिसलं की आधी विचारायचं हे शूट कधी झालं, कसं झालं, पैसे किती होते, कोण यायला तयार नव्हतं. स्टोरीतलं कारण नंतर. बहुतेक लोक उलट करतात, आधी स्वतःची थिअरी बांधतात आणि मग तिला पुरावे चिकटवत बसतात, आणि त्या नादात खरा किस्सा, जो थिअरीपेक्षा कितीतरी भारी असतो, तो हातातून निसटतो.

आधी नाव आणि वर्ष नीट लिहा

"सीझन १" असं लिहिलं तर त्याचा अर्थ तीन ठिकाणी लागतो. १९६३ चा पहिला सीझन, २००५ चा एकल्स्टनचा आणि २०२४ चा शुटी गाट्वाचा, कारण २०२४ ला नंबर परत एकपासून सुरू केले. त्यामुळे टिपण काढताना नेहमी स्टोरीचं नाव आणि वर्ष. त्यातही १९६६ पर्यंत प्रत्येक एपिसोडला वेगळं नाव असायचं, सबंध स्टोरीला पडद्यावर एक नाव नसायचंच, म्हणून अगदी पहिल्या स्टोरीलासुद्धा कोणी 'ॲन अनअर्थली चाइल्ड' म्हणतं तर कोणी '१००,००० बीसी'. दोन्ही चालतात, पण एक धरा आणि तेच वापरा.

पहिल्याच एपिसोडचं अजून एक प्रकरण आहे. तो दोनदा शूट झाला. पहिली आवृत्ती, जिला पायलट म्हणतात, ती सप्टेंबर १९६३ मध्ये रेकॉर्ड झाली, बीबीसीच्या नाटक विभागाचा प्रमुख सिडनी न्यूमनला पसंत पडली नाही आणि त्याने प्रोड्यूसर व्हेरिटी लॅम्बर्ट आणि डायरेक्टर वारिस हुसेन (हो, लखनौला जन्मलेला आपला माणूस, तेव्हा विशीतला) या दोघांना ती परत करायला लावली. पायलट टीव्हीवर दाखवली थेट १९९१ ला. तिच्यात डॉक्टरची नात सुझन म्हणते की माझा जन्म एकोणपन्नासाव्या शतकातला, आणि प्रत्यक्ष दाखवलेल्या एपिसोडमध्ये ते वाक्यच नाही, तिथे नुसतं दुसरा काळ, दुसरं जग असं काहीतरी गूढ आहे. म्हणजे "सुझन ४९ व्या शतकातली" हे कुठे वाचलंत तर समजून जा की लिहिणाऱ्याने पायलट बघितलाय. कुठली आवृत्ती बघतोय हे टिपणात पहिल्या ओळीतच असू द्या.

वहीत तीन रकाने

पहिल्या रकान्यात फक्त पडद्यावर काय दिसलं, काय ऐकू आलं. दुसऱ्यात बनवताना काय घडलं. तिसऱ्यात नंतर कोणी काय ठरवलं किंवा सांगितलं. या तिघांची सरमिसळ झाली की मग वाद संपत नाहीत.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे 'द ब्रेन ऑफ मॉर्बियस', जानेवारी १९७६, डॉक्टर टॉम बेकर. शेवटच्या भागात डॉक्टर आणि दुष्ट टाइम लॉर्ड (डॉक्टरच्याच जातीचा) मॉर्बियस यांची मनाशी मनाची झुंज होते आणि यंत्राच्या पडद्यावर चेहरे येतात. टॉम बेकर, मग त्याच्या आधीचे डॉक्टर पर्टवी, ट्राउटन, हार्टनेल, आणि त्याच्याही मागे अजून आठ अनोळखी चेहरे, जुन्या जुन्या पोशाखातले. पहिल्या रकान्यात एवढंच लिहायचं. दुसऱ्या रकान्यात: ते आठ चेहरे म्हणजे त्या वेळची टीमच आहे, प्रोड्यूसर फिलिप हिंचक्लिफ, स्क्रिप्ट एडिटर रॉबर्ट होम्स, स्वतः डायरेक्टर क्रिस्टोफर बॅरी, डग्लस कॅमफिल्ड, तेव्हा असिस्टंट असलेला आणि पुढे मोठा डायरेक्टर झालेला ग्रॅम हार्पर वगैरे, सगळ्यांनी ड्रेसवाल्यांकडून कपडे चढवून फोटो काढून घेतले. तिसऱ्या रकान्यात मजा आहे. त्याच वर्षी शेवटाला 'द डेडली असॅसिन' मध्ये होम्सनेच लिहून ठेवलं की टाइम लॉर्ड बारा वेळाच रिजनरेट होऊ शकतो, म्हणजे मरताना नवा चेहरा, नवं शरीर घेऊ शकतो, आणि वर्षानुवर्षं फॅन लोक म्हणत राहिले की ते चेहरे मॉर्बियसचे असणार, डॉक्टरचे कसे असतील. मग २०२० ला क्रिस चिबनॉलने 'द टाइमलेस चिल्ड्रन' मध्ये ते चेहरे डॉक्टरच्याच आठवणींच्या माऱ्यात दाखवून टाकले आणि चव्वेचाळीस वर्षांचा वाद एका झटक्यात दुसऱ्या बाजूला झुकला.

टाइमलेस चाइल्डवरून, म्हणजे हार्टनेलच्या आधीही डॉक्टरची आयुष्यं होती या कल्पनेवरून, फॅन लोकांत केवढं रण पेटलं ते माहितीये, आणि मला स्वतःला ती गोष्ट जरा जास्तच समजावून सांगितल्यासारखी वाटते. पण १९७६ च्या त्या आठ फोटोंना परत आणलं याचं मला मनापासून कौतुक आहे, कारण १९७६ चं एडिटिंग नीट बघितलं तर ते चेहरे हार्टनेलच्या मागोमाग त्याच ओळीत येतात, म्हणजे तेव्हाच्या टीमचा रोख काय होता ते पडद्यावर दिसतंच.

चूक आहे की मुद्दाम, हे कसं ओळखायचं

इथे एक एपिसोड सगळ्यांनी पॉज करत करत बघायलाच हवा. 'फ्लेश अँड स्टोन', १ मे २०१०. (पाचवा सीझन अजून बघितला नसेल तर पुढचे दोन पॅरा सोडा, खरंच सोडा.) बायझँटियम जहाजाच्या आतल्या जंगलात एक वीपिंग एंजल (कोणी बघत नसताना हलणारा दगडी पुतळा) डॉक्टरचा कोट मागून पकडतो, डॉक्टर कोटातून निसटतो आणि पळतो. त्यानंतर तो नुसत्या शर्टवर आहे. सोबतीण एमीला डोळे बंद ठेवून बसवून तो रिव्हरबरोबर निघून जातो, आणि पुढच्याच क्षणी परत येतो, एमीचे हात धरतो, आवाज एकदम हळवा झालेला, आणि तिला म्हणतो की तू सात वर्षांची असताना मी तुला काय सांगितलं होतं ते आठव. आता बाही बघा. ट्वीडचा कोट अंगावर आहे! पुढच्या सीनला डॉक्टर रिव्हरबरोबर, परत शर्टवर.

तेव्हा कित्येक लोकांनी हे ब्लूपर म्हणून नोंदवून ठेवलं होतं. आठ आठवड्यांनी, २६ जूनला 'द बिग बँग' मध्ये डॉक्टर स्वतःच्या आयुष्यात उलटा मागे मागे जात असतो आणि त्या जंगलात पोचतो, आणि कळतं की तो कोटवाला डॉक्टर हा नंतरचा डॉक्टर होता. स्टीव्हन मोफॅटने दोन्ही एपिसोड लिहिलेले, सगळं आधीपासून ठरवलेलं.

यातून ओळखायची खूण अशी की खरी चूक सहसा एकटीच असते. कपडे बदलले, बाकी सगळं तसंच. मुद्दाम केलेल्या गोष्टीत कपड्याबरोबर अजून एक-दोन गोष्टी सरकलेल्या असतात, इथे आवाज वेगळा, बोलण्याचा विषय वेगळा (सात वर्षांची एमी मध्येच कुठून आली?) आणि कॅमेरा डॉक्टरच्या इतका जवळ की पूर्ण आकृती दिसू द्यायची नाहीये हे कळतं. एकाच सीनमध्ये अशा दोन-तीन विचित्र गोष्टी एकत्र दिसल्या तर लगेच चूक म्हणून शिक्का मारू नका, "बघू" म्हणून ठेवून द्या.

आणि उलटंही होतं, म्हणजे चूक वाटते पण चूकही नाही आणि प्लॅनही नाही. टार्डिस म्हणजे डॉक्टरचं पोलीस बॉक्सच्या रूपातलं कालयान, तिच्या दारावर 'ओढून उघडा' अशी पाटी आहे आणि डॉक्टर दार नेहमी आत ढकलतो, यावर हजार मीम आहेत, २०११ च्या 'द डॉक्टर्स वाइफ' मध्ये तर टार्डिस स्वतः बाईच्या रूपात येऊन डॉक्टरला यावरून सुनावते. खऱ्या पोलीस बॉक्सवर ती पाटी मुख्य दाराची नव्हतीच, तिच्यामागे छोटं कपाट असायचं आणि त्यात लोकांसाठी फोन, ते कपाट ओढून उघडायचं. म्हणजे पाटी बरोबरच आहे, फक्त दुसऱ्या दाराची आहे.

शूट कसं व्हायचं हे माहीत असेल तर निम्मे प्रश्न सुटतात

साठच्या दशकातले एपिसोड जवळजवळ नाटकासारखे सलग रेकॉर्ड व्हायचे. व्हिडिओटेप कापून जोडणं कटकटीचं आणि महाग, त्यामुळे नट अडखळला तरी गाडी पुढेच. हार्टनेलच्या चुका म्हणूनच आजही पडद्यावर आहेत. 'द डालेक्स' (डालेक म्हणजे डॉक्टरचे धातूच्या कवचातले शत्रू) मध्ये रेडिएशनवरच्या औषधाऐवजी तो रेडिएशनवरचे हातमोजे म्हणतो आणि लगेच सुधारतो, १९६५ च्या 'द चेस' मध्ये तुम्ही जळून खाक होऊन अंतराळात तरंगत राहाल असं म्हणायचंय तर आधी तोंडातून स्पेन जातं आणि मग स्पेस. पण सगळ्याच त्याच्या चुका समजू नका हं, सोबती इयान चेस्टरटनचं नाव तो सतत चुकवतो ती त्या म्हाताऱ्या डॉक्टरची सवय म्हणून केलेली गोष्ट आहे.

मग दाखवण्याचा क्रम आणि शूटिंगचा क्रम. टॉम बेकरच्या पहिल्या सीझनमध्ये 'द आर्क इन स्पेस' आधी दाखवली आणि 'द सॉन्टारन एक्सपेरिमेंट' नंतर, पण शूट झालं ते उलट्या क्रमाने. सॉन्टारनचं शूटिंग १९७४ च्या शरदात डार्टमूरच्या उघड्या माळावर, ओल्या गवतात, आणि तिथे टॉम बेकर पडला आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. आता हे डोक्यात ठेवून एपिसोड लावा. मारामारीचे लांबून घेतलेले शॉट टेरी वॉल्श या स्टंटमनने केलेत, आणि बेकर स्वतः आहे तिथे भलामोठा स्कार्फ आणि कोट यांनी दुखापत झाकली आहे. त्याच सीझनमध्ये 'आर्क' आणि 'रिव्हेंज ऑफ द सायबरमेन' या दोन स्टोऱ्या एकच सेट वापरता यावा म्हणून एकाच स्पेस स्टेशनवर ठेवल्या, फक्त काळ वेगळा. सेटचा खर्च वाचवायचा होता म्हणून नर्व्हा स्टेशनला हजारो वर्षांचा इतिहास मिळाला! मला या सिरीजमध्ये हेच सगळ्यात आवडतं, अडचण आली की ही माणसं तिची गोष्ट करून टाकायची.

रिजनरेशन तरी काय, हार्टनेलची तब्येत साथ देईना आणि बीबीसीला सिरीज बंद करायची नव्हती, म्हणून १९६६ ला 'द टेन्थ प्लॅनेट' च्या शेवटी तो जमिनीवर पडतो आणि चेहरा ट्राउटनचा होतो. त्या वेळी कोणी त्याला रिजनरेशन म्हणतही नव्हतं, तो शब्द पडद्यावर आला १९७४ ला, पर्टवी जाताना. जुन्या स्टोरीला नवा नियम लावताना तारीख बघायची ती यासाठी.

संपाकडेही लक्ष ठेवा, ब्रिटनमधल्या सत्तरच्या दशकाच्या आसपासच्या संपांनी या सिरीजचा चेहरामोहरा बराच बदललाय. जानेवारी १९७० ची 'स्पिअरहेड फ्रॉम स्पेस' स्टुडिओत काम बंद म्हणून पूर्ण बाहेर, फिल्मवर शूट झाली, आणि म्हणूनच जुन्या काळातली ती एकच स्टोरी आज खऱ्या एचडीमध्ये बघता येते. १९७९ ला डग्लस ॲडम्सची 'शाडा' संपामुळे अर्धी राहिली, आणि १९८३ च्या 'द फाइव्ह डॉक्टर्स' ला टॉम बेकर नाही म्हणाला तेव्हा त्याच अर्धवट शाडातले तुकडे घेऊन चौथ्या डॉक्टरची हजेरी लावली. केंब्रिजच्या नदीत होडीत बसलेला टॉम बेकर दिसतो तो चार वर्षांपूर्वीचा आहे.

एक अवघड गाठ सोडवून बघू: युनिटचं साल कोणतं

सराव करायचा असेल तर ही घ्या, कारण इथे तीनही रकाने भरतात. प्रश्न असा की ब्रिगेडियर लेथब्रिज-स्ट्युअर्ट आणि त्याच्या युनिटच्या (परग्रहवाल्यांशी लढणारं लष्करी दल) स्टोऱ्या सत्तरच्या दशकात घडतात की ऐंशीच्या.

ओळीने पुरावे लावा. 'द ॲबॉमिनेबल स्नोमेन' १९३५ ला घडते, त्यात प्रोफेसर ट्रॅव्हर्स अजून म्हातारा झालेला नाही. १९६८ च्या 'द वेब ऑफ फिअर' मध्ये तोच म्हातारा झालेला, आणि चाळीस वर्षांहून जास्त झाली असं म्हटलं जातं, म्हणजे १९७५ च्या पुढे. त्यानंतर 'द इन्व्हेजन' मध्ये ब्रिगेडियर म्हणतो त्याला चार वर्षं झाली, म्हणजे १९७९ च्या आसपास, आणि युनिट आत्ता कुठे उभं राहतंय. १९७५ च्या 'पिरॅमिड्स ऑफ मार्स' मध्ये डॉक्टरची सोबतीण सारा जेन स्पष्ट म्हणते मी १९८० ची आहे. इथपर्यंत सगळं व्यवस्थित, टीमला स्टोऱ्या थोड्या भविष्यातल्या हव्या होत्या हे उघड आहे.

मग १९८३ ला 'मॉड्रिन अनडेड' येते आणि तिच्यात ब्रिगेडियर १९७६ लाच रिटायर झालाय आणि १९७७ ला मुलांच्या शाळेत गणित शिकवतोय. साल खेचता येत नाही, कारण राणीच्या राज्याची पंचवीस वर्षं साजरी होतायत ते पडद्यावर आहे आणि तो समारंभ १९७७ चाच.

बरेच लोक इथे थिअऱ्या करायला घेतात. तुम्ही दुसऱ्या रकान्यात जा. या स्टोरीत शाळामास्तर म्हणून मुळात १९६३ चा इयान चेस्टरटन येणार होता, तो तर शिक्षकच. विल्यम रसेलला जमलं नाही, आणि ऐनवेळी त्या जागी निकोलस कोर्टनीचा ब्रिगेडियर आणला. इयानला १९७७ मध्ये ठेवायला काहीच हरकत नव्हती, ब्रिगेडियरला ठेवल्यावर आठ-दहा वर्षांचं सगळं गणित कोसळलं. आता फौजी माणूस शाळेत गणित का शिकवतोय हा जो दुसरा प्रश्न पडतो, त्याचंही उत्तर इथेच मिळतं. तिसऱ्या रकान्यात २००८, 'द सॉन्टारन स्ट्रॅटेजेम', टेनंट म्हणतो मी सत्तरच्या दशकात यांच्याकडे काम करायचो, का ऐंशीच्या? लिहिणाऱ्यांना वाद माहीत आहे आणि त्यांनी तो मुद्दाम उघडाच ठेवला. तुम्हीही निकाल द्यायच्या भानगडीत पडू नका, तिन्ही रकाने लिहा, पुढे चला.

अशा अजून काही गाठी आहेत ज्या सोडवत बसू नयेत असं माझं मत. अटलांटिस या सिरीजमध्ये तीन वेगवेगळ्या प्रकारे बुडतं, १९६७, १९७१ आणि १९७२ ला, त्यातल्या शेवटच्या दोन तर एकाच प्रोड्यूसरच्या काळातल्या. डॉक्टरचं वय ट्राउटन साडेचारशेच्या आसपास सांगतो, १९८७ ला सिल्व्हेस्टर मॅकॉय ९५३, आणि २००५ ला एकल्स्टन नऊशे. नोंद करायची, बस.

चेहरे

हे त्या मानाने सोपं. एखादा नट आधी दुसऱ्या भूमिकेत दिसला की फक्त दोन प्रश्न, सिरीजने त्याचं कारण दिलं का, आणि कधी दिलं. फ्रीमा एग्येमन २००६ ला 'आर्मी ऑफ घोस्ट्स' मध्ये अडिओला म्हणून मरते, पुढच्या वर्षी डॉक्टरची सोबतीण मार्था झाली तेव्हा ती माझी चुलतबहीण होती असं पहिल्याच एपिसोडमध्ये सांगून टाकलं. पुढे सहावा डॉक्टर झालेला कॉलिन बेकर १९८३ ला गॅलिफ्रेचा (डॉक्टरच्या ग्रहाचा) शिपाईगडी मॅक्सिल होता आणि पाचव्या डॉक्टरवर गोळी झाडतो, त्यावर टीव्हीवर काही खुलासा नाही. 'द फायर्स ऑफ पॉम्पे' (२००८) मध्ये तर पुढे एमी झालेली कॅरन गिलन आणि पुढे डॉक्टर झालेला पीटर कपाल्डी दोघंही आहेत, आणि कपाल्डीच्या चेहऱ्याचं कारण २०१५ ला 'द गर्ल हू डाइड' मध्ये दिलं ते फार सुंदर आहे, सांगत नाही, बघा.

क्रेडिट्सही वाचत जा. २००५ च्या सीझनमध्ये एकल्स्टनच्या भूमिकेचं नाव 'डॉक्टर हू' असं येतं, त्याच वर्षीच्या ख्रिसमसपासून टेनंटच्या आग्रहाने 'द डॉक्टर' झालं. आणि थीम म्युझिक, जे डेलिया डर्बीशायरने १९६३ ला रेडिओफॉनिक वर्कशॉपमध्ये टेपचे तुकडे कापून जोडून जोडून तयार केलं, सिंथेसायझर नव्हता तेव्हा. रॉन ग्रेनरने चाल लिहिली, तिला श्रेय द्यायला तो तयार होता, बीबीसीच्या नियमात बसलं नाही. तिचं नाव पडद्यावर पहिल्यांदा आलं २०१३ च्या 'द डे ऑफ द डॉक्टर' ला, ती जाऊन बारा वर्षं झाल्यावर. हे वाचून दरवेळी वाईट वाटतं.

किस्सा खरा की बनावट

नियम: किस्सा जितका गोंडस तितका जास्त तपासा. डालेकची कल्पना ज्याची त्या लेखक टेरी नेशनने पत्रकारांना सांगितलं की 'डालेक' हे नाव एका ज्ञानकोशाच्या खंडावरच्या अक्षरांवरून सुचलं, आणि नंतर त्यानेच कबूल केलं की काहीतरी छान सांगायला हवं म्हणून रचलेलं होतं. अजूनही लोक तो किस्सा शेअर करतात. तसंच डालेकचा आकार मिरपुडीच्या डबीवरून घेतला हे. डिझाइनर रेमंड क्युसिकने हातात डबी धरून फक्त हालचाल कशी असेल ते दाखवलं होतं, आकाराची सुरुवात झाली ती आत खुर्चीवर बसलेल्या माणसापासून, कारण चालवणारा आत बसणार होता. याउलट डालेक डिझाइन करायचं काम आधी रिडली स्कॉटकडे जाणार होतं आणि वेळ जुळली नाही म्हणून क्युसिककडे आलं, हे ऐकायला थाप वाटतं पण खरं आहे.

अजून एक, केनेडींच्या हत्येमुळे पहिला एपिसोड दहा मिनिटं उशिरा लागला म्हणतात. हत्या आदल्या दिवशीची, एपिसोडला उशीर झाला तो दीड मिनिटाच्या आतला. पुढच्या शनिवारी दुसऱ्या एपिसोडच्या आधी पहिला परत दाखवला एवढं मात्र नक्की.

तपासायचं कुठे? सगळ्यात हाताशी म्हणजे डीव्हीडी आणि ब्लू-रेवरचे माहितीचे सबटायटल्स, कुठला शॉट कुठल्या दिवशी, स्क्रिप्टमध्ये आधी काय होतं, हे सगळं एपिसोड चालू असतानाच खाली येत राहतं, आणि ते कागदपत्रं बघून लिहिलेलं असतं. मग डॉक्टर हू मॅगझिन, १९७९ पासून चालू आहे, जुन्या अंकांतले अँड्र्यू पिक्सलीचे लेख सोन्यासारखे. त्या मॅगझिनचे लेखक आणि अभ्यासक ज्या मूळ कागदांकडे जातात ते बीबीसीच्या कॅव्हरशमच्या रिटन अर्काइव्हमध्ये आहेत. नटांच्या मुलाखती सगळ्यात शेवटी, प्रेमाने ऐका पण चाळीस वर्षांनी सांगितलेली तारीख तशीच उचलू नका. आणि कादंबऱ्यांपासून सावध, एका पिढीने व्हिडिओ यायच्या आधी स्टोऱ्या टार्गेट प्रकाशनाच्या पुस्तकांतून वाचल्या, त्यामुळे पुस्तकातलं टीव्हीवर बघितल्यासारखं आठवतं. डालेकच्या पहिल्या कादंबरीत इयान आणि डॉक्टर भेटतात ते बार्न्स कॉमनवर धुक्यात, टीव्हीवर भंगाराच्या आवारात.

गायब एपिसोडचा प्रश्न येणारच. साठच्या दशकातले नव्वदहून जास्त एपिसोड बीबीसीने टेपा पुसल्यामुळे, फिल्म टाकून दिल्यामुळे आज नाहीत. पण आवाज सगळ्यांचा आहे, कारण तेव्हाच्या पोराटोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून रेकॉर्ड केलं, या माणसांचे उपकार मोजता येणार नाहीत. 'मार्को पोलो' (१९६४) चे सातही भाग गेलेत, पण पडद्यावरून काढलेले फोटो वारिस हुसेनने स्वतःकडे जपून ठेवले होते म्हणून आज ती स्टोरी डोळ्यांना दिसते, फक्त चौथ्या भागाचे नाहीत, कारण तो त्याने डायरेक्ट केला नव्हता. अशा स्टोरीवर लिहायचं तर आवाज आणि फोटो यांच्यावरून लिहा. ॲनिमेशन बघायला छान आहे पण कपडे, जागा, हालचाली नव्याने काढलेल्या असतात, त्यावरून कंटिन्युइटी ठरवू नका.

लोकेशनचंही तसंच, पडद्यावरचं गाव आणि शूटिंगचं गाव वेगळं धरूनच चला. 'रोझ' मधलं लंडन बरंचसं कार्डिफ आहे. फाळणीवरची 'डीमन्स ऑफ द पंजाब' (२०१८, लेखक विनय पटेल) बघताना आपल्याकडच्या प्रेक्षकाला माती आणि डोंगर जरा परके वाटतात ते बरोबरच आहे, शूटिंग स्पेनमध्ये झालं. एपिसोड मात्र चुकवू नका, आणि शेवटची थीम बंद करू नका, त्या एका एपिसोडपुरती वेगळी गायलीये.

आता हात चालवा

सुरुवातीला एकच जागा घ्या, ७६ टॉटर्स लेनचं भंगाराचं आवार आणि शेजारची कोल हिल शाळा. १९६३ चा पहिला एपिसोड लावा, फाटकावरचं नाव पॉज करून अक्षर न अक्षर उतरवा, आय. एम. फोरमन. वर्गातला सीन नीट ऐका, सुझन दशमान चलन गृहीत धरते आणि मग म्हणते अजून सुरू झालं नाही नाही का, आणि ब्रिटनमध्ये ते खरोखर सुरू झालं १९७१ ला. मग १९८८ ची 'रिमेंब्रन्स ऑफ द डालेक्स', तेच साल, तीच शाळा. फाटकावरच्या नावातलं एक अक्षर गळलंय, ते शोधा. कॅफेत डॉक्टरची सोबतीण एस जुन्या नाण्यांवर अडते ते सुझनच्या सीनशी जोडून बघा, शाळेत फ्रेंच राज्यक्रांतीचं पुस्तक पडलेलं आहे ते कोणी वाचायला घेतलं होतं ते पहिल्या एपिसोडमध्ये मिळेल, आणि टीव्हीवर सव्वापाचची घोषणा होते तेव्हा बाहेर उजेड किती आहे ते बघा, नोव्हेंबरच्या लंडनमध्ये तोवर अंधार पडतो. शेवटी २०१३ च्या 'द डे ऑफ द डॉक्टर' ची पहिली दोन मिनिटं, शाळेच्या बोर्डावर गव्हर्नरांच्या चेअरमनचं नाव वाचा.

प्रत्येक नोंदीत स्टोरी, वर्ष, भाग, मिनिट-सेकंद आणि आवृत्ती टाका, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात जे लिहाल त्याच्यापुढे ते कुठून मिळालं तेही. सबटायटल्समध्ये मिळालं का मॅगझिनच्या कुठल्या अंकात, की मुलाखतीत ऐकलं. १९८५ च्या 'अटॅक ऑफ द सायबरमेन' मध्येही तेच आवार परत येतं, तिथलं फाटक तुम्ही स्वतः तपासा.